नंदगडच्या देवळातलं 'हाजिर'

नंदगडच्या देवळात पहिलं गाणं संपलं आणि मी ताडकन उभा राहिलो, टाचा जुळवल्या आणि ओरडलो, "हाजिर!" सगळ्या सभेनं वळून पाहिलं. पुजारीबुवा दचकले. माझी बायको पलीकडं बायकांत बसली होती. तिनं पदर पुढं ओढून घेतला. हा आपला नवरा आहे हे शक्यतो कळू नये, एवढाच हेतू.

गुन्हा कबूल आहे. आता कारण सांगतो.

१९४४ साली आमची पलटण इटलीत होती. मी नायक, म्हणजे दहा माणसांच्या सेक्शनचा कमांडर. माझ्याखाली लान्स नायक परशराम, वडगावच्या विणकर घरातला. बसल्या जागी त्याचे पाय हलत, माग चालवल्यासारखे. मला तो अण्णा म्हणे.

त्याच्या पॅकमध्ये लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली एक रेकॉर्ड होती, त्याच्या वडिलांच्या तरुणपणातली. गाणारी शेवंताबाई नंदगडकर. कंपनीत चावीचा ग्रामोफोन होता. पाचला चहा, सव्वापाचला शेवंताबाई. जुन्या रेकॉर्डवर गाणारे शेवटी आपलं नाव सांगत. तीन मिनिटं होत आली की बाई घाईनं गाणं आटपत आणि एका दमात म्हणत, "शेवंताबाई, नंदगड!" अगदी गिनतीत, म्हणजे फौजेच्या हजेरीत, नाव पुकारल्यासारखं. त्यावर परशराम उभा राहून बाईंच्या वतीनं ओरडे, "हाजिर!" पुढं सगळा सेक्शन ओरडू लागला. मीही. हवालदारसाहेब एकदा म्हणाले, "नायक, तू नुसते ओठ हलव."

"अण्णा, बाई हाईत काय वो अजून?" परशराम विचारायचा.

"आसतील की. नंदगड काय लई लांब न्हाय आपल्याला."

"मग सुटल्यावर जायाचं. तीन मिन्टात काय गाणं व्हतंय? बाई घाईत हाईत. निवांत बसल्यावर फुडं काय गातात, ते ऐकायचं हाय मला."

"जाऊ."

"शब्द?"

"शब्द."

नदी ओलांडायचा हुकूम आला. सकाळी साडेपाचला पाण्यात उतरलो. पाणी छातीपर्यंत. पलीकडच्या बांधावरून मशीनगन सुरू झाली, मग मॉर्टर.

"परशराम, ब्रेनगन घेऊन डावीकडं जा. कव्हर दे."

"व्हय, अण्णा."

हुकूम माझा होता. सात वाजून दहा मिनिटांनी बांध आमच्या ताब्यात आला. वायरलेसवर विचारणा झाली.

"सेक्शन रिपोर्ट. ओव्हर."

"गिनती चालू. थांबा. ओव्हर."

मी नावं पुकारली. तिसरं परशरामचं. उत्तर आलं नाही. पुन्हा पुकारलं. पुन्हा. हवालदारसाहेब जवळ आले आणि हळू म्हणाले, "नायक, पुढचं नाव घे."

रेकॉर्डचे सहा तुकडे झाले होते. लुगड्याचा तुकडा मी सुट्टीत वडगावला त्याच्या आईला नेऊन दिला. तिनं तो बोटांनी चाचपला. "आमच्याच मागावरचा," म्हणाली. 

सेहेचाळीसला फौजेतून सुटून सांबऱ्याला घरी आलो. शेवंताबाई हयात आहेत आणि गावच्या उत्सवात गाणार आहेत, असं कानावर आलं. बायकोला घेऊन रेल्वेनं खानापूर, तिथून बैलगाडीनं नंदगड. दुपारी तीनला पोचलो. मी मुद्दाम युनिफॉर्म घातला होता. घरच्या भातानं पोटावरची दोन बटणं लागत नव्हती.

बाईंना धरून आणून बसवावं लागलं. आवाज बारीक लागला. तिसऱ्या ओळीला मात्र तो ओळखीचा आवाज आला. गाणं संपलं, नि माझे पाय आपसूक उभे राहिले. पुढचं वर सांगितलंच आहे.

"कोण हाजिर?" बाईंनी विचारलं. त्या हसल्या नाहीत.

मी रिपोर्ट दिला. रेकॉर्ड, परशराम, नदी. चार वाक्यांत.

"पद कुठलं?"

मी पहिली ओळ सांगितली. गाऊन दाखवली नाही, सभेवर तेवढी दया केली.

"ते सोडून वर्सं झाली," बाई म्हणाल्या. "दम पुरत न्हाय आता."

मी खाली बसलो. शब्द पाळायला दोन वर्षं उशीर झाला होता, आणि आता तो शब्दच राहून जाणार होता. बाई तंबोऱ्याकडं बघत होत्या.

"तुमचा गडी म्हणायचा, बाई घाईत हाईत?"

"व्हय."

"बरोबर वळाखलं त्येनं. रेकॉर्डवाला सायेब म्होरं हात वर करून उभा आसायचा. आवरा म्हणून." त्यांनी तंबोरा मांडीशी ओढला. "आज घाई न्हाय."

अर्धा तास गायल्या. मध्ये दोनदा दम घ्यायला थांबल्या. रेकॉर्डवर एकदाच येणारी एक ओळ त्यांनी पुन्हा पुन्हा घेतली, आणि दर वेळी ती वेगळीकडं गेली. परशरामला जे पुढचं हवं होतं, ते हेच असावं. मला गाण्यातलं कळत नाही. मी फक्त ऐकून घेतलं, त्याच्यासाठी.

शेवटी बाईंनी हात जोडले, माझ्याकडं पाहिलं आणि रेकॉर्डवरच्याच आवाजात म्हणाल्या, "शेवंताबाई, नंदगड."

सगळी सभा माझ्याकडं बघत होती. माझ्या टाचा जुळल्या. आवाज निघाला नाही. ते उत्तर माझं नव्हतं.

परतताना गाडीत बायकोनं पदर मागं सारला. मग म्हणाली, "अवो, झोपेत तुम्ही त्येचं नाव पुकारताय. तीनदा. मग वाट बघत पडताय. मी जागी आसते."

मी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"त्येचं गाणं ऐकून झालं," ती म्हणाली. "आता फुडचं नाव घ्या."