पाठ कुठं टेकता?

प्राप्ती ठाकूरला एक खोड होती. हातात कागद आला की तो भरल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही. त्यामुळे समाजकार्याच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला असताना बेघरांच्या पाहणीची दोन महिन्यांची इंटर्नशिप मिळाली, तेव्हा बाईसाहेब हरखून गेल्या. पेणजवळच्या खेड्यातली आगऱ्याची पोर, बाप चांगदेव ट्रेलर चालवणारा, आणि ही आता नगरपरिषदेच्या सभेत बोलणार! गावात तिनं हे किती जणांना सांगितलं, विचारायची सोय नाही.

संस्था लहानशी होती. ती चालवणाऱ्या श्यामलाताईंनी पहिल्याच दिवशी सगळं नीट समजावून दिलं. किनाऱ्यावरच्या या शहरात मासळीबाजारात आणि एसटी स्टँडवर माणसं झोपतात. बाजाराला आता गेट बसणार, संध्याकाळी कुलूप लागणार. मग ती माणसं जाणार कुठं? जुन्या शाळेची एक मोठी खोली रिकामी आहे. तिथं रात्रनिवारा करायला नगरपरिषद तयार आहे, पण किमान पंचवीस बेघर दाखवा म्हणते. नाहीतर खोलीचं गोदाम होणार. महिनाअखेरीच्या सभेत काय तो निकाल.

पंचवीसच ना? प्राप्तीला वाटलं, चार दिवसांचं काम. फॉर्मवर पहिलाच प्रश्न होता, 'तुम्हाला घर आहे का?' उत्तर 'हो' आलं की फॉर्म तिथंच संपला.

आणि सगळी गोची तिथंच झाली. ज्याला विचारावं तो म्हणे, घर हाय ना. किनाऱ्यावर घोडागाडी हाकणाऱ्या विठोबाचं अंथरूण स्टँडच्या खांबाला बांधलेलं, पण घर हाय. बाजारात हमाली करणारा चिराग पायरीवरच कपडे वाळत घालायचा, त्याचंही घर हाय. आठ दिवस उन्हात पायपीट करून प्राप्तीच्या पदरात पडली तीन नावं. श्यामलाताईंना तोंड दाखवायची लाज वाटायला लागली.

नवव्या दिवशी तिचा तोल गेला. बाजारात कोलंबी सोलणारी ठमाबाई तिच्यासमोर बसली होती. साठीची बाई, बर्फात हात घालून घालून बोटांना भेगा पडलेल्या. ओट्याखाली तिची वळकटी प्राप्तीला स्वच्छ दिसत होती. तरी तीही म्हणाली, घर हाय.

"अहो मावशी, इथं ओट्यावर झोपता ना? मग तुम्ही बेघरच!"

ठमाबाईनं हातातली कोलंबी खाली ठेवली.

"बेघर व्हवो तुजा वैरी. म्हसळ्याकडं घर हाय माजं. शिमग्याला देवाची पालखी येते माज्या दारात."

त्यानंतर त्या रांगेतली एकही बाई प्राप्तीशी बोलली नाही. कुणी पाणी दिलं नाही, कुणी वर बघितलं नाही. प्राप्ती बसमध्ये खिडकीकडे तोंड करून रडली, आणि तिला राग ठमाबाईचा नव्हता, स्वतःचाच होता.

घरी बाप आलेला होता, बऱ्याच दिवसांनी. तिनं त्याच्यापुढं सगळं गाऱ्हाणं गायलं. चांगदेव भाकरी मोडत म्हणाला, तुझा तो फॉर्म मलाच विचार बघू. तिनं वैतागून विचारलं, तुम्हाला घर आहे का?

"माजा घर हाय ना गो. पन महिन्याच्या ईस रात्री पाठ टेकतो ती कॅबिनीत. ता कुठं विचारलंस तू?"

शहाणपणाचा मक्ता आपल्याकडेच आहे असं आठ दिवस समजणारी ही पोर, तिचा कान बापानं जेवता जेवता धरला होता.

दुसऱ्या दिवशी तिनं फॉर्म पिशवीतून काढलाच नाही. ठमाबाईशेजारी बसून कोलंबी सोलायला घेतली. निम्मी कोलंबी तिनं टरफलाबरोबरच फेकली, तेव्हा ठमाबाईला बोलणं भागच पडलं. आधी शिव्या आल्या, मग हळूहळू बाकीचं. निसर्ग वादळात घराचं छप्पर गेलं, ते परत चढलंच नाही. उरल्या तीन भिंती. पण दर शिमग्याला ती गावी जाते, अंगण सारवते, ओटीचं ताट घेऊन उंबऱ्याशी उभी राहते, आणि पालखी तिच्या दारात थांबते. कागदावर बेघर म्हणून नाव लागलं आणि ते गावात कळलं, तर पुढच्या शिमग्याला पालखी सरळ पुढं जाईल. ही तिची पहिली भीती होती. बाजाराला कुलूप लागेल त्याचीही भीती होती, पण ती दुसरी.

प्राप्तीनं त्याच दुपारी श्यामलाताईंना गाठलं. फॉर्म वरून आलाय, त्याला हात कसा लावायचा, म्हणून ताईंनी थोडे आढेवेढे घेतले. मग स्वतःच पेन उचललं. मथळ्यातला 'बेघर' शब्द गेला. पहिला प्रश्न झाला, 'रात्री पाठ कुठं टेकता?' आणि दुसरा, 'घर कुठं आहे?'

चार दिवसांत एक्केचाळीस नावं झाली. सगळ्यात पहिलं ठमाबाईचं.

सभेत मुख्याधिकाऱ्यांनी कागद उलटसुलट केले. माणूस वाईट नव्हता, नियमाचा पक्का होता. म्हणाले, या एक्केचाळीसही जणांनी घराचे पत्ते दिलेत. घर असलेल्यांना निवारा कशाला? मागच्या बाकावर ठमाबाई पदर आवळून बसली होती. प्राप्ती उठून उभी राहिली. हातातला कागद तिनं खाली ठेवला.

"सर, तुमचं घर कुठं आहे?"

"माझं? सांगोल्याला," साहेब सहज बोलून गेले.

"आणि झोपता कुठं?"

साहेबांचं क्वार्टर नगरपरिषदेच्या मागंच होतं, हे सगळ्या शहराला ठाऊक. सभेत खसखस पिकली. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, आणि ते स्वतःच हसले. मग पहिला फॉर्म पुन्हा सुरुवातीपासून वाचायला लागले, या खेपेला सावकाश. त्या दिवशी खोली मंजूर झाली. निवाऱ्याच्या पाटीवर काय लिहायचं ते श्यामलाताईंनी सभेतच लिहून घेतलं: 'मुक्काम'.

निवारा उघडला त्या संध्याकाळी रजिस्टर घेऊन प्राप्ती दाराशी बसली. इंटर्नशिप संपून आठवडा झाला होता, पण कागद भरायचा होता ना! ठमाबाई वळकटी काखेत मारून रांगेत पहिली. 'कायमचा पत्ता' या रकान्याशी प्राप्तीचं पेन थांबलं. ठमाबाईनं गाव सांगितलं, वाडी सांगितली, दारातला फणससुद्धा लिहायला लावला. मग वाकून अक्षरांवरून बोट फिरवलं. तिला वाचता येत नव्हतं.

"लिवलंस ना बराबर? मग शिमग्याला घरी ये. पालखी येते आमच्यात."

प्राप्ती म्हणाली, येते. आणि बाबांनाही आणते.