ब्रेक खुंटीला होते

चिखलदऱ्याचं नाव काढलं की लोकांचे चेहरे खुलतात. थंड हवा, तलाव, गाविलगडाचा किल्ला, पायी भटकायच्या वाटा, सायकली घेऊन घाट चढणारी हौशी पोरं. माझं मात्र डोकं फिरतं. कुणी "चला, दोन दिवस जाऊन येऊ" म्हटलं की मी तोंडावर सांगतो, तुमी जा बाप्पा, मले नका नेऊ. का, ते विचारू नका. विचारलंच तर मग पूर्ण ऐकून घ्या.

आमचं गाव दर्यापूर आणि अचलपूरच्या मधल्या सपाटीवर. सपाट म्हणजे कसं, गावातून निघालेली बैलगाडी दिसेनाशी व्हायला अर्धा दिवस लागावा असं. माझा बा तिथं सालदार होता, म्हणजे वर्षाच्या बोलीवर दुसऱ्याच्या वावरात राबायचा. तण निंदता निंदता कंबर सरळ करायला उभा राहिला की त्याला उत्तरेला डोंगराची निळी रेघ दिसायची. अख्खा जन्म त्यानं ती रेघ पाहिली आणि एकदाही तिथं गेला नाही. कधी कधी म्हणायचा, "तिथून आपलं वावर कसं दिसत असन बे?" वावर मालकाचं होतं, पण बा आपलंच म्हणायचा.

साठ सालानंतरची गोष्ट. मी नुकताच शाळेत मास्तर लागलो होतो. बा उजव्या-डाव्या बाजूच्या वस्तूंना ठेचकाळायला लागला. समोरचं दिसायचं, कडेचं नाही. बैलाचं शिंग लागता लागता राहिलं तेव्हा मी त्याला अमरावतीला डॉक्टरकडे नेलं. काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येत नसते, डॉक्टर म्हणाले, आणि उरलेली दिवाळीपर्यंत टिकली तरी पुष्कळ. मी विचारलं, काहीच करता येत नाही का? त्यांनी मान हलवली आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं. इतका राग आला मला, पण रागावणार कुणावर? शेजारणी मायला नवस बोलायला सांगत होत्या. आम्ही बौद्ध झाल्यापासून बानं ते सगळं सोडलं होतं. म्हणजे आम्हाला नवसाचीही सोय उरली नव्हती.

बानं डोळ्यांचं रडगाणं कधी गायलं नाही. एकच मागितलं. "एकडाव डोंगरावरून खाली पाहाचं हाये. मंग काय व्हायचं ते होवो."

माय म्हणाली, एसटीनं जा. बाला मोटर लागायची, परतवाड्यापर्यंत जाताना त्याचं पोट उलटं व्हायचं. पण त्याचं खरं कारण वेगळं होतं. "मोटर का माह्यासाठी थांबन? सायकल कशी, जिथं म्हटलं तिथं थांबते."

सायकल माझी होती, पण तिची सगळी देखभाल बाची. आता ही गोष्ट आमच्याकडच्या माणसाला सांगावी लागत नाही, पण बाकीच्यांसाठी सांगतो. काळ्या मातीचा चिखल भलताच चिकट. चाक दोन फेरे फिरत नाही तोच मडगार्डमध्ये आणि ब्रेकमध्ये गोळा होऊन बसतो आणि सायकल खांद्यावर घ्यायची पाळी येते. म्हणून पावसाळा लागला की आमच्याकडे सगळे जण मडगार्ड आणि ब्रेक काढून खुंटीला टांगतात. चिखल वाळला की बसवायचे, नाही बसवले तरी चालतं. सपाट मुलखात ब्रेक लागतो कुणाला? पायडल मारायचं थांबलं की सायकल आपोआप थांबते. बानंही दरवर्षीसारखे काढले होते. परतवाड्याला निघताना ते खुंटीला आहेत हे त्याच्या डोक्यात आलं नाही, माझ्याही नाही. घाट आम्ही पाहिलाच कुठं होता?

श्रावण होता. परतवाड्याला बहिणीकडे रात्र काढली आणि दिवस उगवायच्या आत घाटाला लागलो. चढावर सायकल हातात धरून चालायचं होतं. मी हँडल धरून पुढं, बा मागून कॅरिअर ढकलत. काय खूष होता म्हणून सांगू! "लेका, हे सागाचं हाये का? आन हे पाणी कुठून येऊन राहिलं?" कडेचं दिसावं म्हणून सारखी मान वळवायचा. घाटात त्याच्या तोंडाला खळ नव्हता. मी त्याच्यावर खेकसलो, "बा, बोलू नको, धाप लागन." तो हसला आणि पुन्हा बोलायला लागला.

अर्ध्या घाटात धुकं लागलं. वर पोचलो तर स्वतःचा हात दिसेना.

दरीच्या काठावर बाला नेऊन उभा केला. समोर पांढरं. खाली पांढरं. बा काठाला डोळे ताणून उभा राहिला. मग मला म्हणाला, "हे माह्या डोयाचं हाये का खरंच असं हाये?" मी म्हटलं, "खरंच असं हाये बा, मलेही काही नाही दिसत." त्याला बरं वाटलं असावं.

थांबलो. भाकरी खाल्ली, पुन्हा थांबलो. त्या धुक्याला मी मायबहिणीवरून शिव्या घातल्या, बाच्या देखत घातल्या. चहाच्या टपरीवाल्याला विचारलं, हे कधी उठते? तो म्हणाला, "काल होतं, परवा होतं. आता बैलाचा पोया होईपर्यंत हे असंच." रात्र काढायची म्हटलं तर डाक बंगला साहेबलोकांचा. माझी रजाही संपली होती. हातपाय चालत होते, डोकं चालत होतं, आणि एका ढगापुढं काही म्हणता काही करता येत नव्हतं. अशी चीड मला जन्मात आली नाही.

दुपार कलली तेव्हा बाच म्हणाला, "चाल बे. नाई म्हणते तर नाई."

निघताना टपरीवाल्याचं लक्ष सायकलकडे गेलं. "ब्रेक कुठं हायेत जी हिचे?" बानं सरळ सांगितलं, "घरी. खुंटीले." टपरीवाल्यानं कपाळावर हात मारला. मग पाल्यासकट एक मोठी फांदी तोडून आणली आणि दोरीनं कॅरिअरच्या मागं बांधली. उतारावर फांदी घासत येते आणि सायकल आवरते, इकडं लाकूडवाले असंच करतात, म्हणाला.

आधी आम्ही पायीच उतरत होतो. पण बाला कडेची नाली दिसत नव्हती. दोनदा घसरला, दुसऱ्यांदा गुडघा फुटला. मग त्याला कॅरिअरवर बसवला आणि मी सीटवर बसलो. तो दरीकडं तोंड करून बसला. पांढऱ्याकडं तोंड करून, असंच म्हणायला पाहिजे.

पहिल्या वळणांना फांदीनं सायकल चांगली धरली. खर्रखर्र आवाज करत ती मागून येत होती. मग पाला झडत गेला. आवाज बारीक झाला आणि सायकल जड व्हायच्या ऐवजी हलकी झाली. मी चप्पल पुढच्या टायरवर दाबली. ओल्या टायरवर ती नुसती सटकायला लागली. "बा, घट्ट धर," मी ओरडलो.

आणि नेमकं तेव्हा धुकं फाटलं.

मला ते अंगावर पडलेल्या उन्हावरून कळलं. एका बाजूनं सगळं उघडं झालं होतं. बा माझ्या पाठीमागून ओरडला, "अबे थांब! थांब! दिसून राहिलं!"

मी दोन्ही पाय रस्त्यावर टेकवले. चप्पल गेली, टाच सोलली. वळण अंगावर आलं होतं आणि त्याच्यापलीकडं दरी. माझे डोळे रस्त्याला चिकटले होते. "थांब ना बे," बा म्हणत होता. आता ओरडत नव्हता, विनवत होता. "एक मिनिट थांब ना, लेका." बानं माझ्यापुढं कधी हात जोडले नव्हते. मी रडत होतो आणि सायकल काही थांबत नव्हती.

वळण पार झालं. पुढं डोंगराच्या अंगाला मुरूम टाकलेला होता, त्यात घातली. दोघंही पडलो. मी उठून त्याला पाहायच्या आत बा उठला होता आणि चढाकडं धावायला लागला होता. फुटलेल्या गुडघ्यानं, कडेची नाली न दिसता. मी मागून धरून त्याला वळणावर नेला.

वळणावर पुन्हा पांढरं होतं. दिवस जाईस्तोवर आम्ही तिथं बसलो. नाही उठलं.

बऱ्याच वेळानं बानं विचारलं, "मले नुसतं हिरवं दिसलं. लय लांब लांब हिरवं. तुहे डोये चांगले हायेत. तू सांग, काय काय होतं? नदी दिसली का? वावरं दिसले का?"

मी म्हटलं, "बा, मी रस्ता पाहत होतो."

तो म्हणाला, "मंग कोणंच नाई पाह्यलं."

नजर दिवाळीच्याही आधी गेली. चिखल वाळल्यावर एके दिवशी शाळेतून आलो, तर बा ओसरीत सायकल उलटी करून बसला होता. खुंटीवरचे ब्रेक त्यानं चाचपत चाचपत बसवले होते. एका हातानं चाक जोरात फिरवायचा, दुसऱ्यानं ब्रेक ओढायचा. चाक थांबायचं. पुन्हा फिरवायचा. माय चुलीपाशी तोंडात पदर धरून बसली होती.

माझ्या पावलांचा आवाज ऐकून त्यानं मान वर केली. "पाह्य बे," तो म्हणाला, "आता जागच्या जागी थांबते."