कोनाड्यातून निघालेली सळई

सन दोन हजार तेवीस. माझं वय एकाहत्तर. वाशिमहून टी.व्ही. बसवायला आलेला मोहसीन मिस्त्री माझ्या भिंतीसमोर ड्रिल मशीन घेऊन मान हलवत होता.

"काका, हे भिंत स्क्रू पकडत नाई. पाहा." त्यानं भोकात बोट घातलं. पांढऱ्या मातीचा भुगा घळघळ खाली आला.

"भिंत पकडत नाई, का तुह्या हाताले जमत नाई?" मी म्हणालो.

मी गवंडी माणूस. शाळा दुसरीपर्यंत. रिठद आणि आसपासच्या गावांत माझ्या हातच्या भिंती उभ्या आहेत, एकही वाकली नाही. ही तर माझ्याच घराची. आमचं धाब्याचं घर, म्हणजे मातीच्या जाड भिंती, वर लाकडं, त्यावर मातीचंच छत. या भिंतीला कोणी नाव ठेवलेलं मला खपत नाही. पण मोहसीन खरं बोलत होता. मोठा टी.व्ही. नुसता खाली ओढत नाही, वरचे स्क्रू बाहेर खेचतो. माती दाब झेलते, खेच झेलत नाही. हे मलाही माहीत होतं. कबूल करायचं नव्हतं, एवढंच.

"टेबलावर ठेवा ना," तो म्हणाला.

टेबलाला जागा कुठं? माझ्या बायकोच्या, गिरजाच्या, खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं तरी ती पाठीवरच पडून होती. तिची खाट आणि ही भिंत यांच्यामध्ये स्वयंपाकघरात जायची एका माणसापुरती वाट. बाकी भिंतींपैकी एकीत दार, एकीत खिडकी, एक तिच्या उशाला. जन्मभर ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला टोकणारी बाई आता छताची लाकडं पाहत पडलेली असायची. दोन घास खाऊन ताट सारायची. "कायले खाऊ? कुठी जायचं हाये मले?" म्हणायची. म्हणून मी रिसोडला जाऊन दुकानातला सगळ्यात मोठा टी.व्ही. आणला. पडल्या पडल्या तिला दिसला पाहिजे, मग तो उंचावरच लागला पाहिजे.

"भिंत पाडून सिमेंटची करा, मंग फोन लावा," म्हणून मोहसीन गेला. पाडून! त्या भिंतीवर सगळ्या छताचं लाकूड टेकलेलं आहे. मी ठरवलं, भिंत पडणार नाही आणि टी.व्ही. तिच्यावरच लागेल.

जुन्या घरांत भिंतीत बाभळीची खुंटी खोल गाडतात. तिच्यावर बैलाचं जू टांगलं तरी हलत नाही. तशाच खुंट्या गाडायच्या म्हणून भोकासाठी मी सळई ठोकायला घेतली. भिंत दीड हात जाड, हातभर गेलो की थांबणार होतो. त्याच्या आधीच सळई सटकन पलीकडं गेली. तिकडं काहीतरी खणकन पडलं.

"अबे कोन हाये बे? घर पाडतं काय?"

आवाज नामदेवचा. माझा धाकटा भाऊ. वाटणीत पलीकडचं घर त्याला गेलं, भिंत दोघांची राहिली. माझ्या छताची पन्हाळ, म्हणजे पावसाचं पाणी बाहेर टाकणारी नळी, त्याच्या अंगणात सांडते. तो म्हणे फिरव. मी म्हणे वाटणीच्या आधीपासून तिथंच आहे. त्यावरून बरीच वर्षं बोलणं बंद.

तेव्हा आठवलं. त्याच जागी त्याच्या बाजूला कोनाडा आहे. त्याच्या लग्नाच्या साली दिव्यासाठी मीच ठेवलेला. कोनाड्यामागं भिंत अर्धीच असते.

मी सळई मागं ओढली. गिरजाच खाटेवरून ओरडली, "भाऊजी, माह्यासाठी टी.व्ही. लावून राह्यले तुमचे भाऊ!"

भोकातून आवाज आला, "वहिनी, पाय कसा हाये?"

"पाय हाये तिथंच हाये. मीच नाई कुठी."

"आन् दादा मुका झाला काय?"

भोकाशी तोंड नेणं मला जमेना. पण काम डोक्यात बसलं होतं. आरपार भोकं, लांब बोल्ट, पलीकडून जाड सागवानी फळी, फळीवर नट. मग खेच फळीवर जाते आणि फळी सगळ्या भिंतीला धरते. दुसरा इलाज नव्हता. पण फळी लागणार नामदेवच्या घरात.

चप्पल घातली आणि त्याच्या उंबऱ्याबाहेर जाऊन उभा राहिलो.

"तुह्या बाजूनं फळी ठोकायची हाये."

"माह्या घरात?"

"भिंत दोघाची हाये."

"मंग पन्हाय बी दोघाची. पानी माह्याच अंगनात काहून?"

"त्याचा इथी काय संबंध?"

"मी लावून राह्यलो ना संबंध. पन्हाय फिरव, फळी ठोक. नाई तं सळई वापस ने आपली."

मी पाठ फिरवली. तेवढ्यात त्याच्या कोनाड्यातून गिरजाचा आवाज आला, "भाऊजी, लागते का मंग टी.व्ही.?"

मी परत वळलो. "फळी आज. पन्हाय उद्या सकायी. मी बोललो हाये."

"बोललेलं तू कधी सोडत नाई. तेच तं दुखनं हाये तुवं," नामदेव म्हणाला आणि खाली पडलेला दिवा उचलून बाजूला ठेवला.

भोकं कोनाडा सोडून वर घेतली. फळी त्यानं धरली, नट मी आवळले. मोहसीनला बोलावलं. तो टी.व्ही. अडकवायच्या लोखंडी पट्टीला दोन्ही हातांनी लोंबकळला. "आता मलेच टांगा, काका," म्हणाला. संध्याकाळी टी.व्ही. लागला. गिरजानं पहिल्यांदा बाजारभावाच्या बातम्या लावल्या. त्यात माणसं चालती-फिरती दिसतात म्हणाली. पाहता पाहता अख्खी भाकर खाल्ली. पहिलं भोक बुजवायला मी माती कालवली तर म्हणाली, "राहू द्या." थोड्या वेळानं त्याच भोकातून हाक आली, "वहिनी, आवाज वाढवा जरा. सोयाबीन काय भावानं गेलं?"

गवंड्यानं भिंतीच्या आपल्या बाजूचं तर ध्यानात ठेवावंच, पलीकडचंही ठेवावं. नाही तर सळई आठवण करून देते.

दुसऱ्या दिवशी सकाळी, चहाच्या आधी, मी शिडी लावून छतावर चढलो. पन्हाळ उपटली आणि माझ्या अंगणाकडं फिरवली. नामदेव खाली शिडी धरून उभा होता.

"उतार नीट दे," म्हणाला.

"गवंडी कोन हाये? तू का मी?"

"कोनाडा विसरला तो."