फुकटचे स्नॅपशॉट

आमच्या देवासच्या ऑफिसात किस्से रचावे लागत नाहीत. आम्ही नुसतं काम केलं तरी किस्सा होतो! लोकांच्या मशिनी, म्हणजे त्यांचे अख्खे कॉम्प्युटरच, आम्ही आमच्या सर्व्हरवर सांभाळतो. आम्ही म्हणजे साहेब, पप्पू भिया (इकडे कोणालाही भैयाऐवजी भियाच म्हणतात) आणि मी. पूर्वी हे सांगताना मजा यायची. धारच्या निर्मलाकाकूंचं ते प्रकरण झाल्यापासून लाज वाटते. त्यांनी तिथल्या म्हाताऱ्या बायकांची लग्नातली गाणी रेकॉर्ड करून आमच्याकडे ठेवली होती. त्यातल्या बऱ्याच जणी आता नाहीत.

*

मशीन बिघडली तर त्या घडीला परत नेता यावी म्हणून भियानं पहिला स्नॅपशॉट काढला तो डोळ्याचं पातं लवायच्या आत. साहेब खूश!

मी म्हटलं, "सर, यात कॉपी होतच नाही. डिस्कवर काही बदलायला गेलं की तेवढाच जुना तुकडा बाजूला ठेवतो. बाकी सगळं मूळ डिस्कवरच असतं."

"म्हणजे फुकट?"

"आत्तापुरतं."

"मग रोज काढा की!"

*

ते बाजूला ठेवलेले तुकडे साठत गेले आणि एका सकाळी डिस्क भरली. सगळ्यांच्या मशिनी जागच्या जागी अडकल्या. फोनवर फोन! भिया प्रत्येकाला थंडपणे सांगत होता, "भिया, आपके यहाँ नेट स्लो है."

लोक उलट आम्हालाच सॉरी म्हणत होते! मान वर करवेना.

*

मग जुने स्नॅपशॉट पुसायला बसलो. एकाचं नाव होतं ‘मत छेड़ना’. कोणी काढला, कशासाठी, पत्ता नाही. पुसायची कोणाची छाती होईना. तो आपला फुगतोय!

शेवटी साहेब तडकले, "कोणत्या शहाण्यानं ठेवलंय हे?"

भिया चाचरत म्हणाला, "सर, आपने ही तो बोला था, कुछ भी नाम डाल दे."

*

धारजवळच्या तिरल्याचे एक बियाणेवाले शेटजी. त्यांचा प्रिंटर चालेना. भियानं त्यांची मशीन सरळ गेल्या आठवड्यातल्या स्नॅपशॉटवर नेली. प्रिंटर धडाधड चालू! पण मधल्या दिवसांची सगळी बिलं गेली.

शेटजी हळूच म्हणाले, "प्रिंटर तो बढ़िया चल रिया है भिया. अब छापूँ तो क्या छापूँ?"

*

आणि काकू. त्यांचा मोबाइल भरला तेव्हा त्यांनी फोन करून विचारलं होतं, "माझ्याकडची गाणी पुसू का?"

साहेब म्हणाले, "खुशाल पुसा काकू! एक सोडून ढीगभर स्नॅपशॉट आहेत."

मी आणि भिया शेजारीच होतो. गप्प बसलो.

पुढे काकूंची ती मूळ डिस्कच बिघडली, तिच्याबरोबर स्नॅपशॉटही गेले. गाण्यांची दुसरीकडे कुठे कॉपी? नाही.

तिघंही धारला गेलो. काकूंनी आधी पोहे दिले. साहेबांनी डिस्क गेल्याचं सांगितलं, हात जोडून माफी मागितली. काकू चार शब्द रागानं बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

"होतं हो असं कधी कधी," त्या म्हणाल्या. "पण ते ढीगभर आहेत म्हणाला होतात ना, त्यातला एखादा द्या. जुना असला तरी चालेल मला."