वारा लागला असेल

"वारा लागला असेल," असे म्हणत आमचे हेडक्लार्क भाऊसाहेब उठत आणि खिडकी लावून घेत. कचेरीत कोणी शिंको वा खोको, निदान हेच आणि उपायही हाच. त्यांनी आयुष्यभर वाऱ्याला दोष दिला. त्यातला एक दोष वाऱ्याचा नसून माझा होता. हे ठाऊक असूनही मी तो वाऱ्याच्याच नावावर राहू दिला. वारा उलटून बोलत नाही, ही मोठी सोय होती.

स्वातंत्र्य नुकतेच मिळाले होते. आमची ठाण्याची कचेरी मात्र जुन्याच धुळीत बसत होती. भाऊसाहेब कल्याणहून येत, भर वैशाखातही कानांना तपकिरी मफलर गुंडाळून. मी चाळिशीतला, नौपाड्यात राहणारा, आणि कॉलेजात एकदा सूक्ष्मदर्शकातून डोकावलेला. त्या एका दर्शनाच्या पुण्याईवर कचेरीत जंतूंचा अधिकृत प्रतिनिधी मीच होतो.

"भाऊसाहेब, रोग वाऱ्याने होत नाही. आजाऱ्याच्या खोकल्यातून, थुंकीतून, उष्ट्या भांड्यातून जंतू दुसऱ्याच्या अंगात शिरतात. तुम्ही खिडकी लावलीत, तर त्या बिचाऱ्यांनी जायचे कुठे?"

"असतील तुमचे जंतू," ते शांतपणे म्हणत. "पण जंतुशास्त्री, ते येतात कशावर बसून?"

कचेरी हसे. मी त्यांच्या अज्ञानाची मनोमन कीव करी.

मफलरचे कारण त्यांनी एकदा सांगितले. मानमोडीच्या साथीत सारे घर तापाने आडवे झाले, तेव्हा आईने आपल्या लुगड्याची पट्टी फाडून त्यांचे कान घट्ट बांधले होते. "भावंडांत मी एकटा उठलो," ते म्हणाले. "आता हे कान उघडे टाकायचे ते कोणाच्या भरवशावर?" यावर, याला शास्त्रात पुरावा म्हणत नाहीत, असे मी त्यांना समजावून सांगितले. इतका मी हळव्या मनाचा मनुष्य होतो.

कचेरीत पाण्याचा एक माठ आणि एक पितळी पेला होता. सारे वरून पाणी पीत, पेल्याला ओठ न लावता. मी तोंड लावून पीत असे. वरून पिणे हा सोवळ्याओवळ्याचा अवशेष आहे, नव्या देशात सर्वांनी एका पेल्याने प्यावे, असे माझे मत होते. मत उदात्त होते. ज्या तोंडाने उष्ट्या भांड्यावर व्याख्यान द्यायचे, तेच तोंड लगेच सर्वांच्या पेल्याला लावायचे, यात काही विसंगती आहे, असे माझ्यातल्या शास्त्रज्ञाला कधी वाटले नाही.

त्या माघात भाऊसाहेबांच्या एकुलत्या एका मुलीचे लग्न ठरले. डब्याच्या सुट्टीत ते कन्यादानाचा संकल्प घोकू लागले. "भटजींच्या मागून पुटपुटणारा बाप मला व्हायचं नाही. तिला ऐकू गेलं पाहिजे, आपल्याला कोणी दिलं ते."

लग्न अगदी तोंडावर आले आणि मला सणकून ताप भरला. ठाण्यात फ्लूची साथ होती. तापकऱ्याने घरी राहावे, हा माझाच उपदेश. पण मी घरी राहिलो असतो, तर जंतूंच्या प्रतिनिधीला जंतूंनीच गाठले, अशी वार्ता झाली असती. म्हणून मी घाम पुसत कचेरीत गेलो, आणि उन्हातून चालत आल्याचे सांगितले.

दुपारी मी निम्मा पेला प्यालो आणि उरलेला भाऊसाहेबांपुढे धरला. "घ्या, आज तोंड लावून. की सासऱ्याचं सोवळं मोडलं म्हणून जावई मुलगी परत पाठवतील?"

सारे हसले. भाऊसाहेब घुटमळले. मग पेला हातात घेऊन म्हणाले, "आणा. घरी मंगलकार्य आहे, कोणी रुसायला नको." आणि माझे मन राखण्यासाठी त्यांनी माझे उष्टे पाणी संपवले.

लग्नाच्या दिवशी ते मागच्या खोलीत तापाने फणफणत पडले होते. कन्यादान मामाने केले, भटजींच्या मागून पुटपुटत. मुलगी नमस्काराला आली, तेव्हा तिला आईने उंबऱ्यावरच थांबवले. बापाने बसलेल्या आवाजात काहीतरी म्हटले. ते तिच्यापर्यंत पोहोचले नाही.

मी तोवर बरा झालो होतो. जिलबी चांगली झाली होती. जेवणानंतर त्यांना भेटायला गेलो.

"स्टेशनवर मफलर सैल झाला होता हो," ते कसेबसे म्हणाले. "वारा लागला."

"असेल," मी म्हणालो. जंतुशास्त्र्याचा हा पहिला अशास्त्रीय उद्गार.

पुढे ते निवृत्त झाले. मीही पन्नाशी ओलांडली. माझ्या विद्वत्तेतले आता फारसे काही आठवत नाही. तो "असेल" तेवढा आठवतो. गेल्या वर्षी अखेर कल्याणला त्यांच्या घरी गेलो. बंद खिडकीपाशी ते बसले होते, मफलरमध्ये. मुलगी माहेरपणाला आली होती.

वाटेभर जुळवलेली वाक्ये मी हळू आवाजात सांगितली. भाऊसाहेब हसून मान हलवत राहिले. तेवढ्यात मुलगी माझ्यासाठी पाणी घेऊन आली. "काका, जरा मोठ्याने बोला. अण्णांना अलीकडे ऐकू येत नाही."

ती तिथेच उभी राहिली. मी पाण्याला हात लावला नाही.

"भाऊसाहेब," मी सगळ्या घराला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणालो, "हिच्या लग्नात तुम्हाला वारा लागला नव्हता. मला ताप होता. मला तो ठाऊक होता, आणि तरी मी तुम्हाला माझा उष्टा पेला दिला. मला क्षमा करा. ताई, तुम्हीही करा."