बातमी घेऊन येणारे गुरुजी

खिशातून प्लास्टिकची पिशवी काढायची, तिची गाठ दातांनी सोडायची, आतला चार घड्यांचा कागद माझ्या टेबलावर ठेवायचा, तळहाताने दोनदा दाबून सरळ करायचा आणि म्हणायचं, "भाऊ, बातमी लहान आहे, पण दाबू नोका."

अहेरीत बसस्टँडजवळ माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. त्याच टेबलावरून मी चंद्रपूरच्या एका वर्तमानपत्राला या भागातल्या बातम्या पाठवतो. गुरुजींची शाळा भामरागडच्या पलीकडे, लाकडी डोंग्यातून नदी ओलांडून. एक शिक्षक, पाच वर्ग, एकवीस मुलं. दर पंधरा दिवसांनी शनिवारी दुपारी शाळा सुटली की ते अलीकडच्या काठावर ठेवलेल्या मोटरसायकलवर निघायचे. मुक्काम अहेरीला, रविवारी परत. कागद पिशवीत असायचा, कारण वाटेत नदी होती.

तुम्हीही असे मास्तर पाहिले असतील. शर्ट आत खोचलेला, पँटचे पाय मात्र घोट्यापर्यंत दुमडलेले. ते मूळचे कोरपन्याकडचे, कापसाच्या शेतीतले. बदली झाली तेव्हा घरच्यांनी वर्षभरात परत ये म्हणून सांगितलं होतं. ते नऊ वर्षं राहिले.

बातम्या कसल्या असायच्या म्हणता? शाळेच्या परसबागेत पहिली भेंडी लागली. पहिलीतल्या चौघांनी पाढा न अडखळता म्हटला. दुसरीच्या पोराने मामाला मराठीत पत्र लिहिलं. एकदा लिहून आणलं की केंद्राच्या क्रीडा स्पर्धेत शाळेच्या मुलींचा लंगडीत दुसरा क्रमांक आला.

मी विचारलं, "संघ किती होते गुरुजी?"

"तीन."

"मग दुसरा म्हणजे बरा आहे."

खोटं बोलणं त्यांना जमायचं नाही. "तिसरा आलाच नाई भाऊ. नाल्याले पाणी होतं."

मी हसलो, तेही हसले. पण कागद त्यांनी परत घेतला नाही. ती बातमी मी पाठवली आणि ती छापूनही आली, आतल्या पानावर, खाली. कात्रण त्यांनी भाताच्या पेजेने शाळेच्या भिंतीवर चिकटवलं. एका उन्हाळ्यात मी मुद्दाम शाळा बघायला गेलो होतो, तेव्हा ती भिंत पाहिली. मुलं नावावर बोट ठेवून वाचत होती. जिचं नाव छापलं होतं तिच्या नावाखालचा कागद बोटं लागून लागून काळा पडला होता.

नावाबद्दल ते फार कडक होते. ते रुजू झाले तेव्हा हजेरीपटावर निम्म्या मुलांची नावं चुकीची होती. लिहिणाऱ्याच्या कानाला जे ऐकू आलं ते लिहिलेलं. गुरुजींनी घरोघर जाऊन, आयांच्या तोंडून पुन्हा पुन्हा वदवून घेऊन ती दुरुस्त केली. गावची माडिया बोली ते मोडकी बोलायचे. पोरं त्यांना हसायची आणि दुरुस्त करायची, आणि हे दुरुस्त करून घ्यायचे. माझ्याकडे टाइप झालेल्या बातमीतही ते प्रत्येक नावाशी थांबायचे. "मैना नाई भाऊ, मैनी. दीर्घ ई."

मैनी पाचवीत होती. मैनी मासा पुंगाटी. जिल्ह्याच्या निवासी शाळेत सहावीला प्रवेश मिळण्यासाठी परीक्षा असते. त्या गावातून तोवर कोणी परीक्षेला बसलंच नव्हतं. गुरुजींनी तिला वर्षभर शिकवलं. केंद्रावर नेताना तिला मोटरसायकलवर मागे बसवलं आणि तिच्या मागे तिच्या बापाला. बापाने त्याआधी परीक्षा ही वस्तू पाहिली नव्हती. तो तीन तास केंद्राच्या फाटकाबाहेर उकिडवा बसून राहिला.

जूनच्या शेवटी निकाल लागला आणि मैनी पास झाली.

त्या शनिवारी गुरुजींनी पिशवीची गाठ सोडली नाही, फाडली. आत बातमी होती आणि एक फोटो. गणवेशातली मुलगी, केस घट्ट बांधलेले, कपाळाला आठी.

"हसली काऊन नाई?" मी विचारलं.

"मीबी तेच म्हटलं तिले. तर म्हणे, पास झाली त्यात हसाचं काय आहे?" आणि ते स्वतःच एवढे हसले की झेरॉक्सला आलेली माणसं बघायला लागली.

मी म्हटलं, उद्या पाठवतो. फोटो आणि कागद ड्रॉवरमध्ये ठेवला.

आता जे सांगतो ते सांगायला मला चार वर्षं लागली. मी ती बातमी पाठवली नाही. कारण काहीच नव्हतं. त्या आठवड्यात एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाची पुरवणी होती, पेरण्यांच्या बातम्या होत्या, चंद्रपूरकडे वाघाने माणूस मारला होता. शाळेची बातमी काय, कधीही जाईल, असं मला वाटलं. गावाजवळच्या टेकडीवर चढलं की फोन लागायचा. तिथून गुरुजी दोनदा बोलले. "आली का भाऊ?" मी दोन्ही वेळा सांगितलं, "पानावर जागा नाई भेटली." कागद ड्रॉवरमध्येच होता.

जुलैतल्या एका शनिवारी ते स्वतः आले. आठ दिवसांनी मैनी वसतिगृहात जाणार होती. जाण्याआधी भिंतीवर तिचा फोटो लागला पाहिजे, एवढंच त्यांना हवं होतं. "गावाले सांगून बसलो ना मी. तिची माय रोज भितीपाशी येऊन पाह्यते."

मला लाज वाटली. मी लगेच टाइप करायला बसलो, तर वीज गेली. ती आली नाही. गुरुजी मुक्कामाला थांबले आणि रविवारी सकाळी पुन्हा दुकानात हजर झाले. आभाळ काळं झालं होतं. मी म्हटलं, "तुम्ही निघा, मी पाठवतो."

"नाई भाऊ. गेलेली पाहून जातो."

त्यांचा माझ्यावरचा भरवसा उडाला होता, पण तसं ते म्हणाले नाहीत. वीज दुपारी आली. मी त्यांच्या समोर बातमी पाठवली. त्यांनी पडद्यावरचं नाव वाचलं, दीर्घ ई पाहिली आणि निघाले. पिशवीत तापाच्या गोळ्याही होत्या. गावातल्या आशाताईंकडच्या संपल्या होत्या आणि आरोग्य केंद्रातून त्या नेऊन देणं हे कामही गुरुजींनीच अंगावर घेतलेलं होतं.

सकाळी निघाले असते तर पोचले असते. ते नदीवर आले तेव्हा ती दुथडी भरून वाहत होती.

पुढचं मला त्यांच्याच तोंडून कळलं, तेही तुकड्यातुकड्यांनी. मैनीला शनिवारी रात्रीच थंडी वाजून ताप भरला होता. सोमवारी ती कोणाला ओळखेना. मंगळवारी गावकऱ्यांनी तिला खाटेवर घालून नदीपर्यंत आणलं. ते पलीकडच्या काठावर आणि गुरुजी या काठावर. यांच्याजवळ गोळ्या होत्या, आरोग्य केंद्राची नर्स होती, गाडीही उभी होती. मधे पाणी. डोंगा घालायला कोणी तयार होईना. गुरुजींनी एका डोंगेवाल्याचे पाय धरले. तो म्हणाला, "गुरुजी, मले चार लेकरं आहेत." ते खरं होतं.

"वरडलो मी, भाऊ. पाण्याच्या आवाजात काही जातच नव्हतं तिकडं. खाट दिसत होती. लाल चादर होती वरतं. तिची माय पाल्यानं वारा घालून राह्यली होती."

"मग?"

"मग चौघांनी खाट उचलली. मले वाटलं, वरच्या अंगाले नेतात, तिकडं पात्र चिंचोळं आहे. म्हणून मीबी इकडून वर पळत गेलो. तिथी कोणी आलंच नाई." त्यांनी हाताने चेहरा पुसला. "ते गावाकडं परत फिरले होते."

बुधवारी पाणी उतरलं. गुरुजी पोचले तेव्हा मैनीला पुरून झालं होतं. पास झाल्याची बातमी त्याच दिवशी आतल्या पानावर आली होती. ती त्या गावात कोणी पाहिली नाही.

त्याच दिवशी दुपारी चंद्रपूरहून मला फोन आला. निवड झालेली मुलगी पुरामुळे उपचाराविना गेली हे त्यांना भामरागडहून कळलं होतं, आणि ही पहिल्या पानाची बातमी होती. फोटो त्यांच्याकडे होताच. उपसंपादकाने विचारलं, "शाळेचा मास्तर कुठे होता?"

"अहेरीला."

"कशाला?"

दुकानात मी एकटाच होतो. समोर ड्रॉवर उघडा होता. बातमी मी पंधरवडाभर दाबून ठेवली आणि ती बघायला तो माणूस आला, हे सांगायला तोंड उघडलं. निघालं ते भलतंच. मी म्हटलं, "वैयक्तिक कामाने."

दुसऱ्या दिवशी तसंच छापलं. शिक्षक वैयक्तिक कामानिमित्त गावाबाहेर होते. वर मोठा फोटो, आठी घातलेला. खाली नाव, मैना पुंगाटी.

आठवड्यात चौकशी लागली. मुख्यालय सोडल्याचा ठपका ठेवून गुरुजींना निलंबित केलं. ते नोटिशीची झेरॉक्स काढायला माझ्याच दुकानात आले. तुम्ही म्हणाल, त्यांनी कॉलर धरायला हवी होती. मीही वाट पाहत होतो. धरली असती तर बरं झालं असतं. त्यांनी प्रती मोजून घेतल्या आणि स्टूलवर बसले.

मी म्हटलं, "गुरुजी, ते वैयक्तिक मीच सांगितलं."

"मालूम आहे."

"मी लिहून देतो. शाळेच्या कामाले आले होते म्हणून."

"वैयक्तिकच होतं ना भाऊ ते काम," ते म्हणाले. "तिचं नाव छापून यावं हे मलेच वाटत होतं. सरकारनं थोडीच सांगितलं होतं." मग उठता उठता म्हणाले, "नाव तेवढं चुकलं. मैनी पाह्यजे होतं."

मी पत्र दिलंच. कार्यालयात साहेबांनी ते वाचलं आणि माझ्यासमोर म्हणाले की परवानगीशिवाय वर्तमानपत्राला बातम्या देणं हाही नियमभंग आहे. चौकशीत एक मुद्दा वाढला. मी सावरायला गेलो आणि त्यांच्यावर आणखी एक ओझं टाकून आलो.

दिवाळीनंतर त्यांना कामावर घेतलं, पण बदली करून. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. जुन्या शाळेचा कार्यभार सोपवायला जायचं होतं, तेव्हा मी म्हटलं, मी येतो सोबत. ते नको म्हणाले नाहीत.

नदी शांत होती. डोंग्यातून आम्ही तिघे उतरलो. ते, मी आणि नवे शिक्षक, वयाने अगदी तरुण, पाणी पाहून डोंग्याची कड घट्ट धरलेले. गेल्या तीन महिन्यांत कोणीतरी आठवड्यातून दोनदा येऊन शाळेचं कुलूप उघडत होतं, एवढंच. पोरं वाटेवरच येऊन गुरुजींना बिलगली. कोणी पिशवी ओढली, कोणी नव्या शर्टाच्या गुंड्या मोजल्या. हजेरीपट, टेबल, दोन खुर्च्या, तक्ते, शिजवायची भांडी, सगळं यादीप्रमाणे नव्यांच्या हवाली झालं. गुरुजींनी हजेरीपट उघडून प्रत्येक नाव नव्या शिक्षकांकडून मोठ्याने म्हणवून घेतलं. चुकलं की पोरं हसत होती. एका नावावर आडवी लाल रेघ होती. ते नाव नव्या शिक्षकांनी वगळलं. गुरुजी म्हणाले, "तेबी म्हणा एकदा." त्यांनी म्हटलं. बरोबर म्हटलं.

निघताना मैनीची आई नदीपर्यंत आली. सोबत धाकटी, तिसरीतली. बाई माडियात बराच वेळ बोलत होती. चेहरा हसरा होता, त्याचंच मला आश्चर्य वाटलं. गुरुजी खाली बघून ऐकत होते. शेवटी त्यांनी मान हलवली, धाकटीच्या डोक्यावर हात ठेवला आणि डोंग्यात बसले.

अर्धं पात्र मागे पडलं. मग मी विचारलं, "काय म्हणत होत्या?"

"मोठीची जागा तिथी रिकामी असंल, ते धाकटीले भेटंल का, म्हणे."

"तुम्ही काय सांगितलं?"

"अशी भेटत नाई, परीक्षा द्यावी लागते, म्हटलं. तर म्हणे, मग तुम्ही शिकवा तिले, मोठीले शिकवलं तसं." ते पाण्याकडे बघत राहिले. "गावाले वाटून राह्यलं भाऊ, का मी परत आलो. तो दुसरा माझ्या जोडीले आला, असं समजतात ते."

"तुम्ही सांगितलं नाई?"

"लेकरं बिलगली ना आल्या आल्या. मग नाई निघालं तोंडातून." मग म्हणाले, "मी हो म्हणून आलो तिच्या मायले."

काठाला लागल्यावर त्यांनी पँटचे पाय सरळ केले, मोटरसायकल पुसली आणि निघाले. नव्या शाळेत ते वर्षभरही राहिले नाहीत. मुदतीआधी निवृत्ती घेऊन कोरपन्याकडे शेतीवर गेले, असं ऐकतो. अहेरीला पुन्हा आले नाहीत. माझा फोन एकदाच उचलला, पिकाचं बोलले आणि ठेवला.

धाकटी पाचवीत गेली ते वर्ष संपत आलं तेव्हा तोच डोंगेवाला बाजाराच्या दिवशी माझ्या दुकानात आला होता. तो सांगत होता, मैनीची आई बाजाराला येताना दर वेळी त्याला एकच विचारते. फॉर्म घेऊन गुरुजी केव्हा येणार आहेत.