जोडून की तोडून?

दोन शब्दांमधल्या जागेवर आमच्या इंग्रजीच्या मास्तरांइतकं प्रेम करणारा माणूस निजामाच्या अख्ख्या राज्यात दुसरा नसेल. लातुरात आमची शाळा उर्दूतून चाले, घरी मराठी, आणि मास्तरांची इंग्रजी या दोघींच्या डोक्यावर बसलेली. 'एव्हरीडे' जोडून लिहिलं की रोजचं, साधंसुधं. 'एव्हरी डे' तोडून लिहिलं की दररोज. हे पटवायला ते दोन पोरांना गळ्यात गळा घालून उभं करत आणि मग मधे छत्री खुपसून वेगळं करत. "बघा, पोरं तीच, मतलब निराळा!" ही खोड वर्गाबाहेरही सुटत नसे. एका लग्नात नवरा-नवरीच्या शेल्याला गाठ पडताना ते माझ्या कानात म्हणाले, "जोडून लिहिलं की मतलब बदलतो, हे जावईबापूंना अजून मालूम न्हाई." मला हसू आवरेना आणि आईनं चिमटा काढला.

मॅट्रिकच्या वर्षी अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, फर्मान काढलं : शिकणं पुरे, किराणा दुकानात बस. हे ऐकून मास्तर संध्याकाळी दुकानात आले.

"अप्पा, पोरगं पास होणार हाय. इम्तिहानापर्यंत सोडा त्याला."

"आन् गिऱ्हाईक कोन बघंल?"

"मी बघतो की!"

अप्पांना वाटलं, मास्तर थट्टा करताहेत. दुसऱ्या दिवशी शाळा सुटताच मास्तर कोट खुंटीला अडकवून गादीवर हजर! मी आत पोत्यांमागे अभ्यासाला आणि बाहेर त्यांचा कारभार. गुळाच्या ढेपीसुद्धा त्यांनी मधे अंतर सोडून मांडल्या. कुणी घाई केली, की 'ऑलरेडी' म्हणजे आधीच आणि 'ऑल रेडी' म्हणजे सगळं तयार, हे समजावून सांगितल्याशिवाय तेलाचं माप हलत नसे. "मास्तर, तेल द्या, इंग्रजी हाय घरी," एक म्हातारी करवादली. अप्पा कपाळाला हात लावत, पण मला एकदाही "ऊठ" म्हणाले नाहीत.

मी पास झालो, हैदराबादेला गेलो, आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर झालो. परतलो तेव्हा मास्तर उदगीरला लेकीकडे कायमचे राहायला गेले होते. मी अप्पांच्या पाया पडलो. त्यांनी पाठीवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

"दुकानात आता गिऱ्हाईक लौकर मोकळं होतंय," ते म्हणाले. "लई सुनं वाटतंय बघ."